जिनेवाले वकील

साहेबांना कोर्टात सगळे ‘जिनेवाले वकील’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. घरमालक-भाडेकरूंच्या खटल्यांत बाकीचे वकील कागद बघत, नकाशा बघत, फार झालं तर कारकुनाला पाठवून इमारतीचे फोटो काढून आणत. साहेब स्वतः जायचे. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पायरीन् पायरी चढायचे, कठडा हलवून बघायचे, मधल्या चौकात उभं राहून वर मान करून बघत बसायचे. परत आले की काळ्या कोटाच्या बाह्यांना चुना लागलेला असायचा आणि तो तसाच घेऊन ते न्यायाधीशांपुढे उभे राहायचे.

मी त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि मी चोवीसची. कोर्टासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पक्षकारांचं बाकडं, फायलींचं कपाट आणि मी. आतल्या खोलीत साहेब आणि त्यांचा ज्युनियर. माझ्या मशीनचा ‘र’ जरा वर उडायचा. त्यामुळे आमच्या ऑफिसचा कागद कोर्टातले कारकून लांबून ओळखायचे. साहेबांनी मशीन कधी बदललं नाही. मला ते कायम ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आले. त्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणायचे, शाळेत गणित शिकवायची. मूलबाळ नव्हतं. ज्युनियर हुशार होता, नम्र होता, आणि साहेब त्याच्याशी जसं बोलत तसं ते दुसऱ्या कुणाशीच बोलत नसत.

मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी शिंपी आला.

तो एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत राहायचा. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनखाली चार वर्षांची मुलगी. एका दुपारी त्याची बायको शिवून झालेले कपडे गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघाली आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यामधला जिना तिच्यासकट खाली आला. ती जागीच गेली. मालकाच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की इमारत राहण्यासाठी भाड्यानं दिली होती, या बाईनं जिन्यावरून धंद्याचं ओझं वाहिलं, सबब मालकाचा दोष नाही. बारा शर्ट आणि दोन कोट, हे ते ओझं. मी ते वाक्य टाइप केलं तेव्हा मला वाटलं माझीच काही चूक होतेय, म्हणून मूळ कागद पुन्हा वाचला. चूक नव्हती.

साहेब तो खटला जिंकले. मालकाला शिक्षा झाली, जिना नवा झाला. निकालानंतर शिंपी आमच्या बाकड्यावर येऊन बसला, पेढे वाटायच्या चेहऱ्यानं नाही, अपराध्यासारखा. साहेब बाहेर आले तसा तो उठला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगायचं राहिलंय. ती पायरी हलत होती हे मला माहीत होतं. आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं."

साहेबांनी विचारलं, मग तक्रार का नाही केली. तो म्हणाला, तक्रार केली की नगरसभेचा माणूस येतो, इमारत धोकादायक म्हणून पाटी लावतो, दुरुस्तीसाठी सगळ्यांना बाहेर काढतात, आणि बाहेर पडलेला माणूस पुन्हा आत आलेला त्यांच्या गल्लीत कुणी पाहिलेला नाही. म्हणून सगळे गप्प बसतात. भिंतीला भेग पडली की तिच्यावर कॅलेंडर लावतात. त्याच्या घरात तीन कॅलेंडरं होती. बायको त्याला म्हणायची, आपल्याकडे महिने फार आहेत.

साहेब त्या दिवशी कुठल्याच पक्षकाराला भेटले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, आपण खटले जिंकतो ते माणूस मेल्यावर. त्याला काय अर्थ आहे?"

पुढची चार वर्षं त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं. जो भाडेकरू दुरुस्तीसाठी घर सोडेल त्याला त्याच जागी परत यायचा हक्क कायद्यानं लिहून द्यायचा. मग लोक भेगा लपवणार नाहीत, जिने वेळेवर दुरुस्त होतील, कुणी मरणार नाही. हिशेब इतका सोपा होता की वहिनीसुद्धा म्हणाल्या, "हे उत्तर बरोबर आहे, म्हणूनच मला शंका येते." पण कायदा कोर्टात होत नाही, सभागृहात होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी साहेब नगरसभेच्या निवडणुकीला उभे राहिले.

ती निवडणूक म्हणजे गंमतच होती. भाषण करताना ते लोकांना ‘विद्वान मित्र’ म्हणायचे. प्रचाराला माणसं म्हणजे मी, ज्युनियर, वहिनींच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आणि शिंपी. शिंप्यानं उरलेल्या कापडाचे फलक शिवले, म्हणून आमचा एक फलक चौकटीचा, एक ठिपक्यांचा. साहेब दारोदार नव्हे, जिनोजिनी फिरले. विरोधकांनी हिणवलं, की हे पायऱ्या मोजणार आणि तुम्ही मतं मोजून द्या. लोकांनी खरंच दिली. निकालाच्या दिवशी शिंप्याची मुलगी साहेबांच्या टेबलावर बसून पाय हलवत होती आणि साहेबांनी तिला उठवलं नाही.

पण सभागृहाच्या पायऱ्या निराळ्या असतात. चार वर्षं त्यांचा मसुदा समितीकडून उपसमितीकडे आणि उपसमितीकडून परत समितीकडे फिरत राहिला. मी तो अकरा वेळा टाइप केला. दर वेळी एखादं कलम गळायचं, एखादं मऊ व्हायचं. साहेब कोर्टात पाऊण तासात जे पटवून देत ते इथं वर्षभरात पटत नव्हतं, कारण इथं पटूनही लोक हात वर करत नसत. ऑफिसचं काम ज्युनियरच बघू लागला. साहेब केस विंचरायचे विसरू लागले. वहिनींनी एकदा मला विचारलं, हे जेवतात का हो दुपारी. मी हो म्हणाले. ते खोटं होतं.

मग आणखी एक इमारत पडली. सात माणसं गेली. ढिगाऱ्यातल्या एका भिंतीचा तुकडा वर्तमानपत्रात छापून आला, त्यावर कॅलेंडर तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सभागृहातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाच्या अध्यक्षांनी साहेबांना बोलावलं. अध्यक्ष म्हणजे मोठे मिठ्ठास गृहस्थ, कुणाला नाही म्हणत नसत आणि कुणाचं काही होऊ देत नसत. या वेळी मात्र ते म्हणाले, आता लोक चिडलेत, आता कायदा होईल, कुंपणावरची चौदा मतं मी आणतो. फक्त एक शब्द घाला. ‘भाडेकरूस त्याच जागी पुन्हा घर देण्यात येईल’ याऐवजी ‘शक्यतो पुन्हा घर देण्यात येईल’.

साहेब परत आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी मला ते कलम पुन्हा टाइप करायला सांगितलं. मी कागद लावला, आणि त्या शब्दापाशी थांबले. सत्तावीस वर्षांत मी त्यांना कायद्यातलं एकदाच काही विचारलं, ते तेव्हा.

"साहेब, ‘शक्यतो’ म्हटलं तर मग काय राहिलं?"

ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "बाई, नाही म्हटलं तर आणखी तीन वर्षं. तीन वर्षांत किती जिने पडतील, सांगता येईल तुम्हाला?"

मी शब्द टाइप केला.

मतदानाच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. शेजारी शिंपी, नवा शर्ट घालून. ज्युनियर दुसऱ्या बाजूला वहीत टिपणं घेत होता. अध्यक्षांची चौदा मतं शेवटच्या घटकेला डळमळायला लागली. मालकांच्या बाजूचे दोन सदस्य उठून म्हणाले, हा कायदा आमच्या गळ्याला फास आहे. साहेब उत्तराला उभे राहिले. मी त्यांना इतकं घाईत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "कुणीही घाबरायचं कारण नाही. शक्यतो म्हणजे विनंती आहे, सक्ती नाही. एखाद्या मालकाला जमलं नाही, तर त्याला कुणी जाब विचारणार नाही." सभागृहातला लघुलेखक ते उतरवून घेत होता. कायदा तीन मतांनी पास झाला. शिंपी टाळ्या वाजवता वाजवता रडत होता. मीही वाजवल्या.

पुढची काही वर्षं चांगली गेली, हे मला सांगायलाच हवं. लोक खरंच पुढे आले. कॅलेंडरं उतरली. भेगा दाखवायला बायका साहेबांना हाताला धरून आत न्यायच्या. इमारती रिकाम्या होऊ लागल्या, पडायच्या आधी. साहेब दुसऱ्यांदा निवडून आले. ज्युनियरनं स्वतंत्र ऑफिस थाटलं आणि जाताना वाकून नमस्कार केला. साहेबांनी त्याला आपली कायद्याची जुनी पुस्तकं दिली, कपाटासकट.

गेलेले लोक परत येत नाहीयेत हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नवी इमारत व्हायला वेळ लागतोच. मग एकेक इमारत उभी राहिली. काच, लिफ्ट, खाली दुकानं. जुन्या भाडेकरूंना एका ओळीचं पत्र मिळालं, की त्याच जागी घर देणं शक्य झालं नाही. त्यांना शहराबाहेर, शेवटच्या बस थांब्याच्याही पुढे, खोल्या दिल्या गेल्या. आगीतून निघून फुफाट्यात, असंही म्हणता येत नव्हतं. फुफाटा निदान घराजवळ असतो. आधी लोक भेग लपवून का होईना, आपल्या गल्लीत मरत होते. आता त्यांनी स्वतःहून भेग दाखवली होती, ती साहेबांच्या शब्दावर.

तिसऱ्या निवडणुकीत साहेब पडले. ज्या गल्ल्यांनी त्यांना मतं दिली होती त्यांत आता ते मतदारच राहत नव्हते.

शिंप्याची इमारत शेवटी शेवटी गेली. मुलीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली होती. तो एकटाच मशीन घेऊन त्या लांबच्या खोलीत गेला. तिथं गिऱ्हाईक येईना. शर्ट शिवणारा माणूस पोती शिवायला लागला. त्याला ते पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन सरळ आमच्याकडे आला. साहेब सहासष्ट वर्षांचे झाले होते. त्यांनी पत्र वाचलं आणि ते म्हणाले, आपण वरच्या कोर्टात जाऊ. शक्य झालं नाही असं नुसतं म्हणून चालणार नाही, का शक्य झालं नाही हे मालकानं सिद्ध केलं पाहिजे, असा त्या शब्दाचा अर्थ लावून घेऊ. मुद्दा चांगला होता. एकशे चाळीस कुटुंबांनी वकालतनाम्यावर सह्या केल्या.

सुनावणीच्या आठवडाभर आधी मी सभागृहाच्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रं आणायला गेले. मतदानाच्या दिवसाच्या कामकाजाची प्रत मागितली तर ग्रंथपाल म्हणाले, "काय योगायोग आहे, मागच्याच सोमवारी कुणीतरी नेली." नोंदवहीत ज्युनियरच्या ऑफिसचा शिक्का होता. मालकांचं वकीलपत्र त्याच्याकडे होतं.

मी येऊन साहेबांना सांगितलं. वहिनी तेव्हा ऑफिसात आल्या होत्या, साहेबांचं औषध घेऊन. त्यांना दोन मिनिटांत सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही उभे राहू नका. दुसरा वकील द्या. तो त्या भाषणाला कसंही उत्तर देईल."

"दुसरा काय उत्तर देणार?" साहेब म्हणाले. "माझ्या मनात काय होतं ते मलाच माहीत आहे."

कोर्ट खचाखच भरलं होतं. मागच्या बाकांवर पक्षकार, लांबून पहाटेची बस पकडून आलेले, डबे मांडीवर घेऊन बसलेले. साहेबांनी पाऊण तास मांडणी केली. आवाज थोडा बसला होता, पण मुद्दे जुन्यासारखेच एकावर एक रचलेले, एकही पायरी हलत नव्हती. न्यायमूर्तींनी दोनदा मान डोलावली. मला वाटलं, होईल.

मग ज्युनियर उठला. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्यानं आधी साहेबांकडे वळून मान लवली आणि म्हणाला, आपल्याला जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलं, आज आपण त्यांच्याच शब्दांवर विसंबणार आहोत. आणि त्यानं ते भाषण वाचलं. आवाज न चढवता, विरामासकट. शक्यतो म्हणजे विनंती आहे, सक्ती नाही. जाब विचारणार नाही.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, हे आपलंच भाषण आहे ना?"

साहेब उठले. टेबलाला धरून उठले. त्यांना म्हणता आलं असतं, की नोंद चुकीची आहे, संदर्भ वेगळा आहे, पंधरा गोष्टी म्हणता आल्या असत्या. त्यांचा सगळा जन्म त्यातच गेला होता.

ते म्हणाले, "माझंच आहे. पण ते खरं नव्हतं. मला चौदा मतं हवी होती, म्हणून मी सभागृहाशी खोटं बोललो. सक्ती असावी असंच माझ्या मनात होतं. माझ्या खोट्याची शिक्षा या लोकांना होऊ नये, एवढीच विनंती आहे."

ज्युनियर खाली मान घालून कागद सारखे करत बसला. न्यायमूर्ती जे बोलले त्यात राग नव्हता. ते म्हणाले, कायदा करणाऱ्याच्या मनात काय होतं हे कोर्टाला बघता येत नाही, त्यानं काय म्हटलं तेवढंच बघता येतं. सभागृहानं जे ऐकलं त्यावर मत दिलं. नोंद आहे तशी राहील.

याचिका फेटाळली गेली. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी मथळा आला, की कायद्याचा जनकच म्हणतो मी खोटारडा. अध्यक्षांनी पत्रक काढून आपल्याला धक्का बसल्याचं कळवलं.

निकाल लागला त्या दुपारी कोर्टाच्या आवारात लोक साहेबांच्या भोवती न थांबता पांगले. बस लांबची होती. शिंपी तेवढा थांबला. साहेब त्याच्याकडे बघेनात. मला वाटलं तो धीर देईल, इतक्या वर्षांचं नातं होतं. तो म्हणाला, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही. वाटून घ्या." आणि तोही बसकडे गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. दीड वर्षानं त्याच्या मुलीचं पत्र आलं, की वडील वारले. साहेबांनी उत्तराचा मजकूर तीन वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा फाडायला लावला. शेवटी वहिनींनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून पाठवल्या.

मधल्या काळात साहेब नगरसभेला अर्ज करत राहिले, एक सामान्य नागरिक म्हणून, की तो एक शब्द कायद्यातून काढावा. प्रत्येक अधिवेशनाला एक. मी टाइप करायचे, पोच घ्यायचे. पोच छापील असायची. सभागृहात आता तरुण मंडळी होती. त्यांना वाटायचं हे कुणी म्हातारे गृहस्थ कायद्याच्या विरोधात आहेत.

एकदा दुसऱ्या शहराची चार माणसं आली, शाल आणि मानपत्र घेऊन. त्यांच्या नगरसभेनं हाच कायदा जसाच्या तसा घ्यायचं ठरवलं होतं आणि त्याच्या जनकाचा सत्कार करायचा होता. साहेब इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ बसले. त्यांनी तासभर त्यांना समजावलं, की फक्त ते एक कलम बदला, तो एक शब्द काढा. पाहुण्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आपलं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण तो शब्द काढला तर आमच्याकडे मतं पडणार नाहीत." जाताना शाल खुर्चीवर ठेवून गेले.

त्यानंतर साहेब ऑफिसात कमी कमी येऊ लागले. आधी गुडघ्यांमुळे, मग नुसतेच. तीन जिने चढायचे म्हणजे त्यांना दोनदा बसावं लागायचं. एक दिवस वहिनींचा फोन आला, की ते म्हणताहेत ऑफिस बंद करा. पक्षकार नव्हतेच. मी फायली बांधल्या, ज्यांच्या त्यांना पोचवल्या. बऱ्याच जणांचे पत्ते आता चुकीचे होते. मशीन भंगारवाल्यानं नेलं.

मी एक्कावन्न वर्षांची होते, एकटी, आणि दुसरं काही येत नव्हतं. ज्युनियरनं स्वतःहून निरोप पाठवला. मी त्याच्याकडे लागले. ऑफिस मोठं आहे, खिडकीतून उजेड येतो, माझ्यापुढे कॉम्प्युटर आहे. तो मला आदरानं वागवतो, साहेबांची चौकशी करतो आणि कधी भेटायला जात नाही.

रविवारी मी जाते. वहिनी चहा करतात. साहेब खिडकीपाशी बसलेले असतात, समोर वर्तमानपत्र, बहुधा कालचं. इकडचं तिकडचं बोलणं झालं की ते विचारतात, आठवड्यात काय काय टाइप केलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, करारनामे. त्यांनी विचारलं, कसले. वहिनी कप उचलायला उठल्या.

"सांगा," साहेब म्हणाले. "मला कोण काय करणार आहे आता."

मी सांगितलं, की एका ओळीची पत्रं असतात, नमुना ठरलेला आहे, फक्त नाव आणि पत्ता बदलायचा. या आठवड्यात त्रेसष्ट झाली. त्यांनी कुठली गल्ली ते विचारलं. मी सांगितल्यावर ते म्हणाले, तिथल्या दोन नंबरच्या इमारतीचा जिना आपण पाहिला होता, दगडी होता, चांगला होता. मग त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, आणि वहिनींनी मला पुढच्या रविवारी जरा लवकर यायला सांगितलं, कारण दुपारी त्यांना झोप लागते.